एक्सएमप्लेवर सिडेक्स: दोन सेटिंग लावा, मग ऐका

एक्सएमप्ले नावाचा विंडोजवरचा जुना, छोटासा म्युझिक प्लेअर आहे, त्याच्यासाठी सिडेक्स नावाचं एक प्लगइन मिळतं, दोन्ही फुकट. प्लगइनचं काम एकच, कमोडोर ६४ या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरचं संगीत आजच्या मशिनवर वाजवायचं. मी हे बरेच महिने वापरतोय, कामासाठी पण आणि नुसतं ऐकायला पण, आणि माझं मत आता पक्कं झालंय. प्लगइन एक नंबर आहे. पण टाकल्या टाकल्या दोन-चार फायली वाजवल्या आणि तेवढ्यावर ठरवलं तर तुम्ही बंद करून मोकळे व्हाल, कारण गाणं कधी संपतंय तेच कळणार नाही, आणि त्या कॉम्प्युटरच्या आवाजाच्या चिपचं मॉडेल चुकीचं राहिलं तर काही गाण्यांचा जीवच निघून जातो. दोनच गोष्टी बघायच्या असतात, गाण्यांच्या लांबीची यादी आणि चिपचं मॉडेल. इन्स्टॉल करायला पाच मिनिटं पुरतात, या दोन गोष्टींना मात्र अर्धा तास द्या.

आधी एक स्पष्ट करतो. नेटवर या विषयावर जे सापडतं ते बहुतेक करून इंग्लंड, जर्मनी, स्वीडनकडच्या लोकांनी लिहिलेलं, ज्यांच्या घरी लहानपणी हे मशिन होतं, त्यामुळं सगळं आठवणींत बुडालेलं. माझ्या ओळखीत, इथं गोव्यात माशेलपासून फोंड्यापर्यंत, कोणाच्याच घरी कमोडोर नव्हता. आपल्या देशात १९८४ मध्ये शाळांसाठी क्लास नावाची सरकारी योजना निघाली त्यात बीबीसी मायक्रो आले, ते मशिन वेगळं, त्याची आवाजाची चिप पण वेगळी. आणि आमच्या पिढीला ठाऊक ती टीव्हीला लावायची व्हिडिओ गेम, कार्ट्रिज बसली नाही की फुंकर मारून परत बसवायची ती. म्हणजे कमोडोरची माझ्याकडं एकसुद्धा गोड आठवण नाही. मी हे सरळ संगीत म्हणून ऐकलं, की-बोर्ड वाजवणाऱ्या आणि नाटकांना पार्श्वसंगीत देणाऱ्या माणसाच्या कानानं, आणि तरी ते धरून ठेवतं. म्हणून लिहावंसं वाटलं.

तर या मशिनमधली आवाजाची चिप म्हणजे सिड, मॉडेल नंबर ६५८१, एमओएस टेक्नॉलॉजीची, १९८२ सालची. बनवली बॉब यानेस यांनी. या माणसाला इलेक्ट्रॉनिक संगीताचं वेड होतं, त्यामुळं गेममध्ये टिंग-टाँग करण्यापुरती चिप न काढता त्यांनी एक खराखुरा सिंथेसायझरच त्यात बसवला, आणि पुढं एन्सोनिक ही सिंथेसायझर बनवणारी कंपनी ज्यांनी काढली त्यांत हे होते, यावरून काय ते समजा. चिपमध्ये आवाज तीन. प्रत्येकाला चार प्रकारच्या लहरी, ट्रँगल, सॉटूथ, पल्स आणि नॉईज, प्रत्येकाला स्वतःचा अटॅक-डिके-सस्टेन-रिलीज, म्हणजे सूर कसा चढतो, टिकतो आणि विरतो ते, वरून रिंग मॉड्युलेशन आणि सिंक या दोन आवाज एकमेकांशी जोडून नवा आवाज काढायच्या युक्त्या, आणि तिघांत मिळून एक फिल्टर, आवाजाचा काही भाग गाळून टाकणारा. जुन्या अॅनालॉग सिंथवर ज्यांनी हात फिरवलाय त्यांना हे शब्द घरचे वाटतील. आणि हे सगळं ज्या मशिनमध्ये होतं त्याचा प्रोसेसर साधारण एक मेगाहर्ट्झवर चालायचा आणि मेमरी ६४ किलोबाईट!

गोव्यात इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की विषय लगेच अंजुण्याच्या किनाऱ्यावरच्या ट्रान्स पार्ट्यांवर जातो, ते ठीक आहे, पण तिथं जे वाजायचं त्यामागच्या पिढीत घरगुती कॉम्प्युटरच्या चिपवर तीन आवाजांत धडपडलेली पोरं होती हे कोणी सांगत नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं म्हणून मधेच लिहिलं.

आता हे संगीत ज्या फाईलमध्ये येतं ती सिड फाईल काय असते ते समजून घेतलं की पुढची सेटिंग का लागतात ते आपोआप कळतं. एमपीथ्री म्हणजे रेकॉर्डिंग, एकदा वाजलेलं पकडून ठेवलेलं. डॉट सिड फाईलमध्ये रेकॉर्डिंग नसतंच. सप्ताहाचं भजन टेप करून ऐकणं वेगळं आणि भजनी मंडळीलाच घरी बोलावून बसवणं वेगळं, तसा हा फरक आहे. फाईलमध्ये असतो तो मूळ प्रोग्रॅम, कमोडोरच्या प्रोसेसरला कळणारा कोड आणि सुरांचा डेटा, आणि प्लगइन तुमच्या लॅपटॉपच्या आत एक खोटा कमोडोर उभा करून त्याच्याकडून तो प्रोग्रॅम चालवून घेतं. बहुतेक गाण्यांत सेकंदाला ५० वेळा तो प्रोग्रॅम उठतो, चिपला नवे आकडे देतो आणि परत झोपतो. म्हणून फाईल काही किलोबाईटची असते. मोबाईलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत अशी शेकडो गाणी मावतील. आणि म्हणूनच या गाण्याला शेवट नसतो! गेम चालू आहे तोवर संगीत चालू, फिरून फिरून परत पहिल्यापासून, प्रोग्रॅमला कोणी थांब सांगितलेलंच नाही.

इन्स्टॉल करायचं कसं ते सांगतो. एक्सएमप्लेला सेटअप वगैरे भानगड नाही, झिप फाईल येते, ती एका फोल्डरमध्ये उघडायची आणि एक्झी फाईलवर डबल क्लिक. मी डी ड्राइव्हवर साधा एक फोल्डर केलाय, प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकला की विंडोज प्रत्येक गोष्टीला परवानगी मागत बसतं, त्यापेक्षा हे बरं, शिवाय पूर्ण फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर घेतला की दुसऱ्याच्या मशिनवर पण चालतो. प्लगइन पण झिपमध्येच येतं, आत डीएलएल फाईल असते, ती एक्सएमप्लेच्या एक्झीच्या शेजारी ठेवायची. शेजारी म्हणजे त्याच फोल्डरमध्ये, झिप उघडताना जो नवा फोल्डर आपोआप तयार होतो त्याच्या पोटात ती तशीच पडलेली असते बऱ्याचदा, ती बाहेर काढा. मग प्लेअर बंद करून परत चालू करा, एफ ११ दाबा, ऑप्शन्सची खिडकी उघडते, त्यात प्लगइन्सखाली इनपुट म्हणून भाग आहे, तिथं यादीत सिडेक्सचं नाव दिसलं की झालं. नाव निवडून कॉन्फिग दाबलं की प्लगइनची सेटिंग.

एक मनापासून सांगतो, दोन्ही गोष्टी एक्सएमप्लेच्या स्वतःच्या साईटवरून घ्या. मोफत सॉफ्टवेअरचं दुकान मांडून बसलेल्या साईट असतात, डाऊनलोडची पाच-पाच हिरवी बटणं आणि त्यातलं एकच खरं, माझ्या बरोबरीच्या एका तबलजीनं तसल्याच एका ठिकाणाहून घेतलं आणि प्लेअर बाजूला राहिला, ब्राउझरमध्ये नको ते टूलबार येऊन बसले, ते काढण्यात त्याची संध्याकाळ गेली.

प्लगइन आलं, आता गाणी पाहिजेत. त्यासाठी हाय व्होल्टेज सिड कलेक्शन, लोक एचव्हीएससी म्हणतात. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून जमवलेला, तपासलेला, नीट लावलेला हा संग्रह आहे, पन्नास हजारांहून जास्त फायली, आणि सगळं मिळून एका सिनेमाच्या फाईलपेक्षा लहान. वर्षातून साधारण दोनदा नवी आवृत्ती येते. आत गेलात की डेमोज, गेम्स, म्युझिशियन्स असे फोल्डर, म्युझिशियन्समध्ये आडनावाच्या अक्षरानं संगीतकार लावलेले. मला या संग्रहाबद्दल खरंच आदर वाटतो. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटकांच्या ध्वनिफिती कुठं कुठं पेटीत पडून बुरशी खातायत आपल्याला ठाऊक आहे, पावसाळ्यात गोव्यात टेपचं काय होतं ते वेगळं सांगायला नको, आणि इकडं कोणीतरी एका बंद पडलेल्या मशिनचं एकेक गाणं, कोणी केलं, कुठल्या साली केलं, कुठल्या गेमचं, सगळं लिहून जपून ठेवलंय, आणि कोणी पगार देत नाही त्याचा.

या संग्रहात डॉक्युमेंट्स म्हणून एक फोल्डर आहे, सगळी किल्ली तिथं. त्यात साँगलेंग्थ्स नावाची एक फाईल असते, तिच्यात प्रत्येक गाण्याची लांबी, मिनिटं आणि सेकंद, हातानं ऐकून किंवा प्रोग्रॅम लावून ठरवलेली. आणि स्टिल म्हणून दुसरी, तिच्यात गाण्यांबद्दलच्या टिपा, हे मूळ कुठल्या चालीवरून घेतलं, संगीतकारानं स्वतः काय सांगितलं असं बरंच. सिडेक्सच्या सेटिंगमध्ये या डॉक्युमेंट्स फोल्डरचा रस्ता द्यायची जागा आहे. ती भरा. बस. ती भरली की प्रत्येक गाणं बरोबर जिथं एक फेरा पूर्ण होतो तिथं संपतं आणि पुढचं लागतं. नाही भरली तर प्लेअर डिफॉल्ट लांबी धरतो, सगळ्यांना एकच, मग सहा मिनिटांचं गाणं मधेच तुटतं आणि चाळीस सेकंदांचं तेच तेच गिरवत बसतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हे संगीतच कंटाळवाणं आहे. माझ्या ओळखीच्या दोघांनी नेमकं याच कारणानं सोडून दिलं होतं, त्यांना रस्ता भरून दिला तर आता तेच मला नवी नावं पाठवतात.

यात एक बारीक गोष्ट आहे. लांबी शोधताना फाईलच्या नावावरून शोधत नाहीत, फाईलच्या आतल्या बाईट्सवरून एक हॅश, म्हणजे त्या फाईलची ओळख ठरवणारा आकडा, काढतात आणि यादीत तो जुळवतात. म्हणजे फाईलचं नाव बदललं तरी चालतं, पण आतलं एक अक्षर जरी बदललंत, समजा शीर्षक नीट करायला गेलात, तरी हॅश बदलतो आणि लांबी सापडत नाही. तेव्हा या फायलींना टॅग एडिटर लावू नका. शीर्षक, संगीतकार आणि साल आधीच फाईलच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं आणि प्लेअर ते दाखवतो.

आता दुसरी सेटिंग, मॉडेल. पहिली चिप ६५८१, नंतर त्याच मशिनच्या पुढच्या आवृत्तीत आली ८५८०. कागदावर दोन्ही सारख्याच, ऐकायला अजिबात नाहीत. ६५८१ चा फिल्टर घोगरा, जोर दिला की फाटणारा, आणि कारखान्यातून निघालेल्या दोन चिपांचा फिल्टरसुद्धा एकमेकांशी जुळत नसे. ८५८० चा स्वच्छ, शिस्तीत चालणारा. ऐंशीच्या दशकातली बरीचशी गाणी घोगऱ्या चिपसाठी लिहिलेली आहेत, त्यातला घोगरेपणा धरूनच लिहिलेली आहेत. बऱ्याच फायलींत कुठली चिप ते आत नोंदवलेलं असतं आणि प्लगइन ती नोंद पाळतं, तेव्हा तुम्ही करायचं ते एवढंच की मॉडेल ६५८१ निवडा आणि लॉकची खूण काढा. लॉक केलं तर सगळ्यांना एकच चिप, नोंद असो नसो. लॉक नसेल तर ज्यांची नोंद आहे ती आपापल्या चिपवर वाजतात आणि बाकीच्यांना तुम्ही निवडलेली मिळते. घड्याळाचं, म्हणजे मशिनच्या वेगाचं पण तसंच, तिथं पाल (टीव्हीची एक पद्धत, पुढं सांगतो) निवडा आणि लॉक सोडून द्या.

मॉडेल खरंच एवढं महत्त्वाचं का, ते पटवायला एकच गाणं पुरे. मार्टिन गॉलवे यांचं आर्कनॉइड या गेमचं गाणं, १९८७. ते आधी ६५८१ वर लावा, मग मुद्दाम ८५८० वर लॉक करून लावा. पहिल्या वेळी ढोल अंगावर येतात, दुसऱ्या वेळी मागं सरकून पार दबून जातात. कारण असं की ते ढोल चिपच्या तीन आवाजांपैकी नाहीतच. ६५८१ मध्ये एक खोट होती, मुख्य व्हॉल्यूमचा आकडा बदलला की हलकासा टक् आवाज यायचा. काही डोकेबाज लोकांनी ठरवलं की हा टक् जर सेकंदाला हजारो वेळा केला, कमी-जास्त करत, तर त्यातून रेकॉर्ड केलेला आवाज वाजवता येईल, आणि आला वाजवता, तीन आवाजांच्या चिपमधून चौथा. व्हॉल्यूमला पायऱ्या फक्त १६, म्हणून तो खरखरीत येतो, पण येतो. पुढच्या चिपमध्ये कंपनीनं ती खोट जवळजवळ दुरुस्त केली आणि त्याबरोबर ढोल पण गेले! मी हे पहिल्यांदा शेजारी शेजारी ऐकलं तेव्हा नुसता बसून राहिलो.

पालचं पण सांगून टाकतो. युरोपातली बहुतेक टीव्ही, आणि आपली पण, तेव्हा पाल पद्धतीची, सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवणारी, अमेरिकेतली ६० वाली. संगीताचा ठेका त्या पडद्याच्या ठोक्यावर बांधलेला असे, म्हणून पालसाठीचं गाणं अमेरिकन घड्याळावर लावलं तर लय वीस टक्के चढते आणि मशिनचं घड्याळ पण जरा वेगळं असल्यानं पट्टी अर्ध्या सेमीटोनहून थोडी जास्तच वर जाते. की-बोर्डवर सोबत वाजवायला बसलात आणि सूर ना इकडचा ना तिकडचा लागला तर आधी हे तपासा. (एरवी पण पालवर सगळी गाणी ४४० हर्ट्झच्या नेहमीच्या ट्यूनिंगला चोख लागतील असं नाही, चिपला आकडे देताना प्रत्येकाचा तक्ता वेगळा, मी की-बोर्डचं ट्यूनिंग थोडं हलवून घेतो.)

सेटिंग झाली, आता ऐकण्याबद्दल. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं रॉब हबर्ड या संगीतकारापासून सुरुवात करावी, कमांडो आणि माँटी ऑन द रन या गेमची गाणी, दोन्ही १९८५ ची, म्युझिशियन्समध्ये एचखाली मिळतात. कमांडो लावा आणि फक्त जिथं कॉर्ड वाजल्यासारखी वाटते तिथं कान ठेवा. ती थरथरते, पाण्यात दिवा हलावा तशी म्हणणार नाही, सरळ तांत्रिक कारण सांगतो. तीनच आवाज आहेत, एक बेसला, एक चालीला, कॉर्डला तीन सूर लागतात आणि उरलाय एक. मग तो एकच आवाज सा-ग-प, सा-ग-प असं इतक्या वेगानं फिरवायचा, सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाला एक सूर, की कानाला तिन्ही एकत्र लागलेले वाटतात. ढोलकीचं पण असंच, बेसच्याच आवाजातून पहिल्या एका ठोक्याला नॉईज सोडायचा, लगेच लहर बदलून सूर झपकन खाली आणायचा, झाला ड्रम, आणि पुढच्या क्षणी तोच आवाज परत बेस. माझा भाचा शेजारी बसला होता, तो म्हणाला, मामा, तीनच आवाज ना, मग हे एवढे सगळे कोण वाजवतायत? तेच तर. तिघांनी मिळून सात-आठ जणांचं काम वाटून घेतलंय आणि कुठंही कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही.

आणि पल्स लहरीची रुंदी. हे हेडफोनवर ऐका. एक लांब सूर धरलेला असतो, पट्टी तीच, जोर तोच, पण आवाज आतून हळूहळू पातळ होतो, परत भरतो, कारण मागं प्रोग्रॅम प्रत्येक ठोक्याला त्या लहरीची रुंदी थोडी थोडी सरकवतोय. मी दहा बोटांनी, आठ-आठ लेअर लावून जे भरीव करू बघतो ते इथं एका आवाजात होतं. नवीन पोरं पार्श्वसंगीत करायला बसली की आधी प्लगइनची यादी मोठी करतात, त्यांना मी आता हे ऐकवतो, तिघांत भागवा म्हणतो.

भाच्याचा विषय निघाला म्हणून, त्यांच्या मंडळाच्या एकांकिकेत एक प्रसंग जुन्या गेमच्या दुकानातला होता, त्याला तसा आवाज हवा होता, सिडेक्स खरं माझ्या मशिनवर आलं ते त्या निमित्तानं. अशा कामासाठी एक्सएमप्लेची एक सोय फार उपयोगी, ऑप्शन्समध्ये आऊटपुटला साऊंड कार्डऐवजी वेव्ह रायटर निवडायचा, मग गाणं स्पीकरवर न जाता सरळ वेव्ह फाईल होऊन डिस्कवर उतरतं. ती फाईल नाटकाच्या ऑपरेटरकडं द्यायची, त्याला कमोडोर, सिड, काही कळायची गरज नाही. काम झालं की आऊटपुट परत पहिल्यासारखं करून ठेवा. पण एक लक्षात घ्या, ही गाणी जुनी आहेत म्हणून बेवारस नाहीत, संगीतकारांचे आणि कंपन्यांचे हक्क आहेत, घरी ऐकणं वेगळं आणि तिकीट लावून प्रयोग करणं वेगळं. आम्ही शेवटी प्रयोगासाठी तसलेच आवाज वापरून स्वतःची चाल बांधली, आणि ती बांधताना तीन आवाजांचा नियम पाळला, बेस, चाल आणि एक फिरता, त्यामुळंच ती तशी वाजली. तालमीला देवळाच्या मंडपात बॉक्सवर लावली तर मागं खुर्च्या लावणारे पण थांबून बघायला लागले.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सेटिंगची खिडकी ज्याला विषय ठाऊक आहे त्याच्यासाठी आहे, मॉडेल, क्लॉक, फिल्टर, डिले असे शब्द एकाखाली एक, नवखा माणूस बघून गांगरतो, म्हणून तर एवढं लिहिलं. फिल्टरचा जोर कमी-जास्त करता येतो पण ते लगेच हलवू नका, आधी महिनाभर आहे तसं ऐका, कान तयार झाला की मग. दुसरं, गाणं मागं ओढता येत नाही पटकन. रेकॉर्डिंग नाही ना, मागं जायचं म्हणजे खोटा कमोडोर बंद करून पहिल्यापासून परत पळवत आणायचा, जुन्या लॅपटॉपवर लांब गाण्यात जरा वाट बघावी लागते. हा दोष प्लगइनचा नाही, प्रकारच तसा आहे. तिसरं, एका फाईलमध्ये बऱ्याचदा पुष्कळ गाणी असतात, पहिली दोन-तीन संगीत आणि पुढची गोळी सुटल्याचे, मेल्याचे, दोन सेकंदांचे आवाज, ते मधे मधे येऊन रसभंग करतात. अगदी छोटी वगळून टाकायची सोय लावून घ्या. आणि आवाज मोनो, एकच चिप म्हटल्यावर तेच असणार, दोन किंवा तीन चिपा लावून केलेली गाणी पण संग्रहात आहेत, ती स्टिरिओ वाजतात, थोडी आहेत पण बघा.

दुसरे पर्याय पण वापरून बघितले. फूबार २००० हा विंडोजवरचा दुसरा प्लेअर ज्यांच्याकडं आधीच आहे त्यांनी नवा घ्यायची गरज नाही, त्याला सिडचा कंपोनेंट, म्हणजे त्याचं प्लगइन, मिळतो, कंपोनेंटच्या फाईलवर डबल क्लिक केलं की फूबार स्वतःच विचारून घेतो आणि परत सुरू होतो. फक्त तुमचा फूबार ३२-बिट आहे की ६४-बिट ते आधी बघा, २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून दोन्ही मिळतात, आणि ६४-बिट प्लेअरमध्ये ३२-बिट कंपोनेंट चालत नाही. कंपोनेंटच्या पानावर लिहिलेलं असतं. लिनक्सवाल्यांची तर मजाच आहे, ऑडेशियस प्लेअरमध्ये सिडचं प्लगइन बरोबरच येतं, चालू केलं की झालं. तरी मी एक्सएमप्लेवरच राहिलो, कारण अमिगा नावाच्या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरच्या मॉड फायली, आणि नंतरच्या एक्सएम, आयटी वगैरे, तो कुठलंही प्लगइन न लावता वाजवतो, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचं सगळं संगीत एका खिडकीत, आणि माझ्या जुन्या आयथ्री लॅपटॉपवर पंखासुद्धा फिरत नाही. लाईट गेली की बॅटरीवर तासन्‌तास चालतं, माशेलच्या पावसात ही बाब लहान नाही.

संग्रहाची नवी आवृत्ती आली की डॉक्युमेंट्स फोल्डर पण नवाच घ्या, नुसती गाणी बदलू नका. नव्या गाण्यांची लांबी जुन्या यादीत नसते आणि बदललेल्या फायलींचे हॅश पण जुळत नाहीत. मी तर पूर्ण फोल्डर काढून नवा टाकतो, नाव तेच ठेवतो, म्हणजे सिडेक्समधला रस्ता परत भरायला लागत नाही. माशेल-फोंडा भागात कोणाला लावून पाहिजे असेल तर लॅपटॉप घेऊन या, फक्त रविवारी नको, रविवारी तालीम असते.